फाटा नसलेला रस्ता

नर्सीच्या चौकात तासभर नुसतं बसायचं आहे. कुठे जायचं नाही, कुणाला घ्यायला आलेलो नाही. नांदेडहून हैदराबादकडे जाणारा रस्ता इथे फुटतो. एक वाट देगलूरला, एक मुखेडला, एक उलट नांदेडला आणि एक पूर्वेला बिलोलीकडे. चहा सांगा. तो येईपर्यंत मनाशी काही ठरवू नका. टोल योग्य की अयोग्य, महामार्ग हवा की नको, ही भांडणं आपल्याकडे वर्षभर चालू असतात, तासभर ती बाजूला राहिली तर काही बिघडत नाही. आत्ता फक्त गाड्या बघा.

बिलोलीकडून वाळूचा हायवा येतोय. मांजरेची वाळू ओली असते. मागच्या फाळक्याच्या फटीतून पाणी ठिबकतं आणि गाडी चौकात वळली की डांबरावर एक वाकडी ओली रेघ उमटते. उन्हाळा असेल तर ती रेघ चहा येण्याआधी वाळलेली असते. पाठोपाठ काळी-पिवळी जीप. टपावर मिरचीची पोती, आत माणसं दाटीवाटीनं, तरी ड्रायव्हर पायरीवर उभा राहून आणखी दोन शिटांसाठी हाळी देतोय. एस.टी. थांबते. एक आजोबा धोतराचा सोगा सावरत उतरतात, मग हातातली पिशवी, मग सून, मग नातू. कंडक्टर "चला, चला" म्हणत राहतो आणि थांबूनही राहतो. ट्रॅक्टरवाला सरळ उलट्या बाजूनं येतो, त्याला कुणी हॉर्नसुद्धा देत नाही. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस फोनवर तेलुगूत भांडतोय आणि फोन ठेवल्यावर पोऱ्याला मराठीत सांगतोय, "साखर कमी टाक रे."

आता एवढंच ध्यानात घ्या की इथे प्रत्येक गाडी हळू होते. जिला थांबायचं नाही तीसुद्धा. त्या हळू होण्यावर हा सगळा चौक उभा आहे: भज्याची कढई, पंक्चरचं दुकान, खताचं दुकान, औषधाचं दुकान, उसाचा रस, बियाणांच्या जाहिरातींचे फाटके फलक. इथून वरच्या बाजूला, कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याची खिचडी आहे. ती खाण्यासाठी माणसं मुद्दाम गाडी थांबवतात, पण त्या खिचडीची सुरुवात मुद्दाम थांबणाऱ्यांमुळे झाली नसणार. गाडी तिथे आधीच हळू झालेली होती, पोटात भूक होती आणि चूल दिसत होती. आपल्याकडची निम्मी बाजारपेठ अशीच जमलेली आहे. कुणी तिचा आराखडा केला नव्हता.

यावर जरा रेंगाळा. घाई नाही.

मग डोळे मिटून या मुलखाचा नकाशा मनात काढा. आधी नद्या. खालून मांजरा येते, वरून गोदावरी, आणि बिलोलीच्या पूर्वेला, हद्दीच्या पलीकडे कंदकुर्तीला दोघी मिळतात. मग गावं. बिलोली जुनं; औरंगजेबाच्या फौजेतल्या सरफराजखानाच्या नावाची मशीद तिथे आजही उभी आहे, सतराव्या शतकातली. तेव्हा या गावावरून फौजा, व्यापारी, तांडे जात असणार, नाहीतर एवढं दगडकाम कोण कशाला करील? मग रेल्वेची रेघ. निजामाच्या राज्यात १९०० च्या आसपास मनमाड ते हैदराबाद अशी मीटरगेज लाइन पडली. ती नांदेडवरून, धर्माबादवरून निजामाबादला गेली. बिलोलीवरून गेली नाही. धर्माबाद बिलोलीच्या शेजारचंच गाव. पुढे तिथे मिरचीची मोठी बाजारपेठ झाली, आडती आल्या, गोदामं आली. बिलोलीत तहसील आणि कोर्ट राहिलं. रेघ कुणावर रागावून आखलेली नव्हती. चढ-उतार, पुलांचा खर्च, वळणाचा कोन यांचा हिशेब करून कुणीतरी कागदावर पट्टी ठेवली असणार. त्या पट्टीचा परिणाम मात्र सव्वाशे वर्षं टिकला आहे.

आता नव्या रेघा. अकोल्याहून हिंगोली, नांदेड, नर्सी, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याच्या कडेला आपण बसलो आहोत. आणखी एक ६३ क्रमांकाचा: बार्शी, लातूर, उदगीर, देगलूर आणि मग बिलोली तालुक्यातल्या सगरोळीवरून निजामाबाद, पुढे थेट बस्तरात जगदलपूरला. हे दोन्ही आपल्या ओळखीच्या जातीचे रस्ते. कडेनं शाळेची पोरं चालतात, दुचाकी जाते, शेळ्या जातात, मधे कुठेही फाटा फुटतो.

यांच्या वर एक वेगळीच रेघ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरता खुला झाला, तो देशातला या जातीचा पहिला सहापदरी. मग समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जोडला गेला. एकूण ७०१ किलोमीटर. त्याला जालन्यातून एक फांदी नांदेडकडे काढायची ठरली आहे, सुमारे १८० किलोमीटर, जालना, परभणी, नांदेड अशी. आणि तिसरी रेघ शक्तिपीठ महामार्गाची. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या तोंडाशी पत्रादेवीपर्यंत, ८०० किलोमीटरच्या आसपास. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणारी. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. नांदेड जिल्ह्यात ती अर्धापूरच्या बाजूनं येते, कालव्याच्या पाण्यावर केळी आणि हळद पिकते त्या पट्ट्यातून. या रेघा सरकत्या असतात. निवडणूक आली की वळतात, मोर्चा आला की थबकतात, पुन्हा निघतात.

या तिन्हींपैकी एकही बिलोलीला शिवत नाही. सगळ्यात जवळचं तोंड नांदेडचं, म्हणजे बिलोलीपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. हे वाचून चुकचुकायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही. पुढे जाऊ.

एक आकडा घ्या आणि तो मनात घोळवा. समृद्धी महामार्ग ३९२ गावांच्या शिवारातून जातो. त्यावर चढायची आणि उतरायची ठिकाणं पंचवीसच्या आसपास. म्हणजे सरासरी अठ्ठावीस किलोमीटरनंतर एक दार. आपल्या ओळखीच्या भागावर हे अंतर घालून बघा. नर्सीला चढलात की बिलोली मागे पडेल, येसगीचा पूल मागे पडेल, मांजरा ओलांडली जाईल आणि पहिलं दार येईल ते बोधनच्या जवळपास. मधल्या सगळ्या गावांना रस्ता दिसेल, रात्री त्याचे दिवे दिसतील, गाड्यांचा आवाज ऐकू येईल. त्यांना तो ओलांडता येईल, वरून किंवा खालून. त्याच्यावर जाता येणार नाही. दोन्ही बाजूंना कुंपण असेल, आणि ते असायलाच हवं, कारण ताशी १२० च्या वेगापुढे म्हैस आली तर म्हैसही जाते आणि माणसंही.

हा रस्ता फाटा सहन करू शकत नाही. त्याचा वेग फाटा नसण्यातून येतो. ही त्याच्या बांधकामातली त्रुटी नव्हे, हा त्याचा स्वभाव आहे. इंजिनियरला दोष देण्यात अर्थ नाही.

आता त्या रस्त्यावर आपण स्वतः आहोत असं धरू. दारातून आत शिरताना वर लावलेला रीडर आणि काचेवरचा फास्टॅग यांची गाठ पडते. उतरताना पुन्हा. मधल्या किलोमीटरचा हिशेब होतो. एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे. नागपूर ते मुंबई पूर्ण गेलात तर चौदाशेच्या वर. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तोवर टोलनाक्यावर काच खाली करावी लागे, नोट बाहेर जाई, सुट्ट्यांवरून दोन शब्द होत, पावती हातात येई. आता दांडी उठते आणि पुढच्या वळणावर फोन वाजतो. आपण पैसे दिले असं वाटतच नाही, गाडीनं परस्पर दिले असं वाटतं.

त्या फोनच्या आवाजापाशी थांबू. मी हे पैसे कशाचे दिले? डांबराचे की काँक्रीटचे? ते तर नर्सीलाही आहे. पुलांचे, बोगद्यांचे? काही अंशी. पण दराच्या पाटीमागची खरी वस्तू वेगळीच आहे. वाटेत कुणी आडवं येणार नाही, कुणासाठी हळू व्हावं लागणार नाही, याचे हे पैसे. ही वस्तू विकत घेण्यात गैर काही नाही. बिलोलीच्या रुग्णालयातून नांदेडला आणि नांदेडहून संभाजीनगरला पाठवलेला पेशंट गाडीत आडवा असतो तेव्हा त्याच्या उशाशी बसलेल्याला एवढंच हवं असतं. जालना ते नांदेड आज चार-साडेचार तास खातं. १८० किलोमीटर १२० च्या वेगानं दीड तासात होतात. हा फरक ज्याला भोगावा लागला आहे त्याच्यासमोर फाट्यावरच्या खिचडीचं कौतुक सांगायला जाऊ नये. मीही नाही सांगत.

पण त्याच पाटीवर आणखी एक ओळ वाचायची असते. साध्या राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना टोल नाही. २००८ चे शुल्काचे नियम आहेत, त्यात ही सूट दिली आहे. दुपदरी रस्ता असेल तर बाकीच्या गाड्यांनाही पूर्ण दराच्या ६० टक्केच आकारणी. म्हणजे रस्ता जितका कमी सोयीचा तितका दर कमी, आणि जो शेतीसाठी चाकं फिरवतो त्याला माफी. विचार बरा आहे. समृद्धीवर हीच माणसं टोल देत नाहीत, कारण त्यांना आत येताच येत नाही. ना देणं, ना जाणं. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना ३,००० रुपयांत वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा पास निघाला, तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. राज्याच्या महामंडळानं बांधलेल्या समृद्धीवर तो चालत नाही. रस्ता कुणाचा, हे गाडी चालवणाऱ्याला असं दारात कळतं.

थोडं झोपेबद्दल. हे टाळता आलं असतं तर टाळलं असतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एक खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली; पंचवीस प्रवासी गेले. त्या एका अपघाताचं कारण काय, हा तपासाचा विषय. पण त्याआधीपासून आणि त्यानंतरही वाहतुकीचे जाणकार सांगत आले आहेत की सरळ, एकसारख्या, अडथळा नसलेल्या रस्त्यावर डोळे उघडे राहून मन झोपतं. सुरुवातीच्या काळात तर मैलोन् मैल चहाची टपरी नव्हती. ड्रायव्हर उतरणार कुठे? जे फाटा फुकटात करत होता, माणसाला जागं ठेवायचं काम, त्यासाठी आता नियोजित सुविधा केंद्रं उभारावी लागतात, निविदा काढून.

आता गाडीतून उतरून शेतात या. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे.

समजा जालना-नांदेड मार्गाच्या रेघेवर एक शेत आहे. पाच एकर, काळी जमीन, सोयाबीन आणि मधे तुरीचे तास. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला आखाडा. मोजणीवाले येतात. धुऱ्यावर चुन्याची खूण, मग दगड. दगड छोटासा असतो, बैल अडखळेल एवढा. त्यानंतर घरात जे सुरू होतं ते पैशांचं गणित असतं आणि नात्यांचंही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, वारस नोंद झालेली नाही, एक आत्या निजामाबादला दिली आहे, एक चुलता पुण्यात आहे. चुन्याच्या त्या खुणेनं पंचवीस वर्षांत न झालेली बैठक एका आठवड्यात होते. समृद्धीला थेट खरेदीत रेडीरेकनरच्या पाचपट भाव मिळाला हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून नांदेड मार्गावरच्या शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न हाच होता: आमचा मावेजा त्यांच्याएवढा का नाही? त्यासाठी आंदोलनं झाली. प्रश्न रास्त आहे. रस्ता त्याच रस्त्याची फांदी, माती तीच, मग भाव दोन कसे?

पैसे येतील. काही जण त्यातून दुसरीकडे जमीन घेतील, काहींची घरं होतील, काहींच्या दारात नवीन गाडी उभी राहील आणि चार वर्षांनी हप्त्याचं पत्र येईल. हे सगळं होतं, यावर शहाणपणा शिकवायचा आपल्याला अधिकार नाही.

मला बघायचं आहे ते उरलेलं शेत. रस्ता मधून गेला. विहीर डावीकडे राहिली, आखाडा उजवीकडे. गेलेल्या दीड एकराचा मावेजा मिळाला, झाडांचा मिळाला, पाइपलाइनचा मिळाला. उरलेले साडेतीन एकर सरकारच्या लेखी जसेच्या तसे आहेत. पण काल सालगडी विहिरीवरून आखाड्यापर्यंत शेरडाला हाका मारत चालत जायचा. आज त्याला आधी भुयारी मार्गापर्यंत, मग पलीकडून परत, असं जायचं आहे. दोन किलोमीटर तिकडे, दोन इकडे. रोज. बैलांना, बायकांना, डोक्यावरच्या भाकरीला. महामार्गावरच्या माणसाचं जे अंतर वाचलं त्यातलं थोडं इथे येऊन पडलं आहे. आणि त्याचा दर कुठल्याच पाटीवर लिहिलेला नाही, मावेजाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

महामार्गाच्या विरोधात जे बोलतात ते बहुधा गेलेल्या जमिनीबद्दल बोलतात, बाजूनं बोलणारे वाचलेल्या वेळेबद्दल. राहिलेल्या जमिनीबद्दल आणि वाढलेल्या अंतराबद्दल फार कुणी बोलत नाही. माझं म्हणणं असलंच तर एवढंच आहे.

बिलोलीचं काय, हे राहिलं. इथे वारा पूर्वेकडून येतो म्हणा ना. लग्नाचं कापड, दुखणं, मजुरी, सिनेमा, सगळं जुन्या काळापासून बोधन, निजामाबाद, हैदराबादकडे. येसगीचा पूल ओलांडला की सालुरा, आणि पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. राजधानी पूर्वेकडून पश्चिमेला गेली, पण माणसांचे पाय लगेच वळत नाहीत. द्रुतगती मार्गांच्या या रेघा पाहिल्या की वाटतं, राजधानी बदलल्याला सत्तरेक वर्षं झाल्यावर रस्ता आता तिच्यामागे निघाला आहे. नांदेडला ते तोंड उघडलं की मुंबई जवळ येईल. बिलोलीच्या माणसाला तेव्हा एक दिशा निवडावी लागेल, असं मात्र मला वाटत नाही. त्यानं आजवर दोन भाषा, दोन बाजार आणि दोन राज्यांच्या बसगाड्या एकाच पिशवीत सांभाळल्या आहेत. तो मुंबईचंही तिकीट काढील आणि दवाखान्याला हैदराबादलाच जाईल.

आणि उद्या एखादी रेघ याही तालुक्यावर आली तर? कोणती येईल, कधी येईल यावर पैज लावण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की १९५६ च्या कायद्यानुसार हरकत घ्यायला एकवीस दिवस मिळतात. एकवीस दिवस म्हणजे एक पंधरवडा आणि वर थोडं. तेवढ्यात लोक भाव विचारतात, नेत्याला फोन करतात, वकील गाठतात. ते करावंच. पण त्यातली एक संध्याकाळ काढून, गावनकाशा मांडीवर पसरून, बोटानं ती रेघ हळूहळू चालून बघावी. पांदण कुठे तुटते. स्मशानभूमी कोणत्या बाजूला राहते. शाळेत जाणाऱ्या पोरी कुठून जातील. नाल्याचं पाणी भरावाला अडून कुणाच्या वावरात साचेल. गुत्तेदार मुरूम कुठून उचलणार आणि तो खड्डा नंतर कुणाचा. चढायचं दार किती किलोमीटरवर.

मग सुनावणीला जाल तेव्हा मावेजाचा आकडा विचारून झाल्यावर खुर्चीवर तसंच बसून राहा आणि साहेबांना आणखी एक विचारा: आमच्या शिवारातल्या भुयाराची उंची किती धरली आहे, वरपर्यंत कडबा भरलेला ट्रॅक्टर त्यातून जाईल का, आणि आषाढात त्यात पाणी भरलं तर ते उपसायचं कुणी? उत्तर तोंडी देऊ लागले तर म्हणा, लिहून द्या.